आबा, तो हात नव्हता

प्रिय आबा,

आज तुमचा लेक किसन तुमच्यापेक्षा वयाने मोठा झाला. तुम्ही बावन्न वर्षांचे होऊन गेलात, त्याला आज त्रेपन्न पूर्ण झाली. यातला आनंद दुसऱ्या कुणाला कळायचा नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तुमची कुस्ती सुटली, खुराक मात्र सुटला नाही. जुन्या पैलवानाचा मान म्हणून परंदवडीची माणसं तुपाचा डबा आणून द्यायची आणि तुम्ही ओट्यावर बसून, बिडी ओढत तो मान रिचवायचात. अंगाला घाम कधी यायचा हो मग?

त्या सकाळी घामेजल्या चेहऱ्याने डावा खांदा धरून म्हणालात, "गोदे, तेल लाव. आखाड्यातला जुना मार हाय, उतरंल." मी चोळत राहिले आणि माझ्या हाताखालीच तुम्ही गेलात. आबा हात दुखून गेले, असंच मी पुढे सगळ्यांना सांगत आले.

चार वर्षांपूर्वी किसननेही, तुमच्यासारख्याच बिडी ओढणाऱ्या जुन्या पैलवानाने, तसाच खांदा धरला. "आक्का, तेल लाव." तसाच घामेजलेला चेहरा. मी बाटली काढली नाही, गाडी जुंपायला लावली.

"पैलवानाला दवाखाना? लोक हसत्याल की."

"हसू देत. तू गाडीत बस."

तळेगावच्या डॉक्टरांनी विचारलं, वडील कशाने गेले? मी नेहमीचं उत्तर दिलं. ते म्हणाले, "हात दुखून कुणी जात नाही, बाई. ते हृदय होतं. छातीत आवळून आलं असणार. ह्यांचंही तेच आहे, पण वेळेत आणलंत." मी तिथेच बाकावर बसून रडले. आबा, छातीत आवळतंय एवढं तरी सांगायचंत ना?

बिडी बंद, तूप नावापुरतं, मीठ बेताचं, बरं वाटल्यावर रोज चालणं. बाप असा गेला असेल तर मुलाने जास्तच जपायचं, असंही डॉक्टर म्हणाले. बिडीपायी किसनने पंधरा दिवस माझ्याशी अबोला धरला. पण पुढे घोरावाडी स्टेशनपर्यंत चालायला लागला, तो आजतागायत.

आज जत्रेत गावाने त्यालाही तुपाचा डबा दिला. त्याने तो कुस्ती जिंकलेल्या पैलवानाच्या हातात ठेवला. "ह्यो घाम गाळतुय, ह्यानं खावं. मी आता चालनारा मानूस हाय."

येताना चढावर मला दम लागला, मी दगडावर टेकले. किसन पुढे गेलेला परत आला. "आक्का, उद्यापास्नं तूबी चल."

जिंकलो आपण, आबा!

तुमची तेलाची बाटली अजून फडताळात आहे, टाकणार नाही. पण आपल्या घरात कुणाचाही खांदा दुखला, तर आधी दवाखाना आणि मग तेल. आणि उद्या सकाळी मीही किसनबरोबर निघते.

तुमची,
गोदा