सेवानिवृत्त जावयाची चौकशी

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

सुदेशचा कुवेतहून साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. सध्या मी आठांपैकी एकही अंग धड जमिनीला टेकवू शकत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि देवरुखातल्या समस्त मंडळींचं कुतूहल, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे तुझी भावजय चारुता बरी आहे, उन्हाळा तापायला लागला आहे आणि मी गेले काही दिवस उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतो आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस आणि स्पीकर लावून भाऊजींना मध्येमध्ये हुंकार द्यायला बसवतेस. म्हणून हे पत्र. इथे जलीब भागात राहणारा आपल्या साखरप्याचा शत्रुघ्न फिटर रजेवर निघाला आहे, त्याच्या हाती देतो आहे. कागदाला मध्येच तोडून बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

तर विषय अर्थातच दर्शना. तुझी पोरगी शिमग्याला इथून रजेवर घरी आली, आयर्लंडच्या फिनबार हॅलिसीशी लग्न करायचं आहे म्हणाली, आणि पालखी देवळात परत गेली तरी तुमच्या घरातला शिमगा काही संपला नाही. मग तू मला फर्मान काढलंस की तू तिथेच आहेस, मुलगाही तिथेच नोकरीला आहे, तर रीतीप्रमाणे चौकशी कर आणि एक तरी खोट काढून दे. वर अट अशी की खोट ठसठशीत हवी, चार माणसांत सांगता येईल अशी. अक्का, माझं शिक्षण हिशेब तपासण्याचं आहे. खोट शोधणं हाच माझा धंदा. पण या माणसाने मला जेरीस आणलं आहे.

पहिला प्रश्न तुझाच, मुलगा काय करतो. आता इथल्या एका शाळेत खेळ शिकवतो. त्याआधी काय करायचा, तर रग्बी खेळायचा. खेळायचा ते कळलं, पण काम काय करायचा, असं तू मला तीन वेळा विचारलंस. अक्का, तेच काम. पगारी. चौदा वर्षं आपल्या देशाच्या संघात होता आणि त्याच्या गावी त्याच्या नावाने पोरांची बारशी झाली आहेत. हा खेळ असा की पंधरा पंधरा दांडगे लोक समोरासमोर उभे राहतात, एक लांबोडका चेंडू पुढे न्यायचा असतो, पण हाताने टाकायचा तर मागेच टाकायचा. (भाऊजींच्या खात्यात फाइल पुढे सरकते ती साधारण याच पद्धतीने, त्यामुळे त्यांना लगेच समजेल.) देशाकडून खेळलं की मानाची टोपी देतात, तशा त्याच्याकडे सत्तरच्या वर आहेत. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा चौतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. रीतसर निवृत्त, निरोप समारंभ, लोक रडले, सगळं झालं. म्हणजे भाऊजींची अजून दोन वर्षं नोकरी शिल्लक आहे आणि जावई आधीच सेवानिवृत्त. ही खोट म्हणून मी मोठ्या आशेने टिपून ठेवली होती, पण चारुता म्हणाली की घरात बसलेला जावई तर आळीत प्रत्येकाकडे आहे, हा निदान मिळवून बसला आहे.

मग मी ऑफिसपासून सुरुवात केली. आमच्याकडे ऑडिटला एक आयरिश गृहस्थ येतो, अत्यंत रुक्ष, पावतीशिवाय हसत नाही. त्याला सहज म्हणून फिनबारचं नाव विचारलं तर हा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला. डोळ्यांत पाणी. मग त्याने मला फ्रान्समधल्या एका सामन्याची हकीकत सांगितली, त्यात आमच्या मुलाचा खांदा निखळला होता आणि तो तसाच शेवटपर्यंत उभा राहिला. मी वहीत लिहिलं, खांदा निखळतो. मग वेल्समध्ये नाक मोडलं ती हकीकत, मग स्कॉटलंडमध्ये जबडा. तो जसजसा गहिवरत गेला तसतशी माझी यादी वाढत गेली. त्याच्या दृष्टीने तो मुलाची कीर्ती सांगत होता, माझ्या दृष्टीने तो मोटारीचा अपघात सांगत होता. (फोटोतल्या त्याच्या कानांबद्दल तू विचारलं होतंस. ते जन्मजात नाहीत. हे लोक डोक्याला डोकं लावून ढकलाढकली करतात, त्यात वर्षानुवर्षं घासून कान असे कांदाभज्यासारखे होतात. पुढच्या पिढीत उतरत नाहीत, मी मुद्दाम विचारून घेतलं.) शेवटी मी त्याला मुलाचा स्वभाव विचारला. तो म्हणाला, अतिशय सौम्य. आणि लगेच पुढे सांगितलं की एकदा पंचांनी त्याला मैदानाबाहेर हाकललं होतं. अशा साक्षीदाराचं करायचं काय, सांग.

मग म्हटलं आपल्या पद्धतीने जावं. गावाकडे आपण मुलाच्या वाडीत जाऊन दुकानदाराला विचारतो तसं मी त्याच्या इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, रोज संध्याकाळी काही ना काही घ्यायला जाऊ लागलो. घरात आता साबणाच्या इतक्या वड्या आहेत की चारुता बोलायची थांबली आहे. दुकानदार मलबारी. तो म्हणाला, साब, अच्छा आदमी है, अंडा बहुत खाता है. इमारतीचा राखणदार, इथे त्याला हारिस म्हणतात, तो मिसरी, म्हणजे इजिप्तचा. त्याच्याकडून कळलं की मुलगा बादलीत बर्फ घालून त्यात पाय सोडून बसतो आणि ईदला स्वतः वर जाऊन सगळ्यांना मिठाई देतो. दारूचं विचारलं तर दोघांनी कानावर हात ठेवले. अक्का, या देशात निर्व्यसनी असणं हा गुण नव्हे, कायदा आहे, त्यामुळे त्या मुद्द्यावर मी काहीच खात्रीने लिहू शकत नाही.

आता मुख्य अनर्थ. चौकशीचा पहिला नियम असा की मुलाला पत्ता लागता कामा नये. म्हणून मी दर्शनालाही सांगितलं नव्हतं आणि त्याला भेटलोही नव्हतो. पण हारिसने त्याला सांगितलं की एक हिंदी गृहस्थ रोज येऊन तुझी विचारपूस करतो. आपल्याकडच्या कुठल्याही मुलाने ओळखलं असतं की मुलीकडचं कोणीतरी आलं आहे. याला ते कुठून सुचणार. त्याने असा निष्कर्ष काढला की हा माणूस लाजाळू आहे, याला रग्बी खेळायची इच्छा आहे, पण विचारायचा धीर होत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मीना अब्दुल्ला नावाच्या भागात एका मैदानावर तो हौशी मंडळींचा सराव घेतो. मुलगा रागात कसा वागतो ते बघायला मी गेलो आणि कडेला ऑफिसच्या बुटांत उभा राहिलो. त्याने मला लांबून पाहिलं, हारिसच्या वर्णनावरून ओळखलं, हसला, आला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि चालत मला थेट मध्यभागी नेलं. मी नाही म्हणत होतो, पण त्या हाताखाली माणूस नाही म्हणतो ते बाहेर ऐकू येत नाही. माझ्या हातात एक जाड गादी दिली, ती छातीशी घट्ट धर म्हणाला, आणि बाकीच्यांना दाखवण्यासाठी स्वतः हळूच येऊन धडकला. हळूच हा त्याचा शब्द. मी आकाश पाहिलं, मग पुन्हा आकाशच पाहिलं, आणि मग लक्षात आलं की मी उताणा आहे. दोन बरगड्या, अक्का. एका वधूपित्याच्या मेहुण्याला होणाऱ्या जावयाने भेटीच्या पहिल्याच क्षणी आडवं केलं, असं आपल्या सात पिढ्यांत घडलं नसेल.

पुढे तर कहर. हा मनुष्य मला तान्ह्या पोरासारखा उचलून गाडीत घालतो आणि नेतो कुठे, तर ज्या दवाखान्यात दर्शना फिजिओथेरपिस्ट आहे तिथेच. साहजिक आहे, त्याचा गुडघा तीच बघते. (तिने त्याचा गुडघा आधी पाहिला, तोंड नंतर. प्रेमात पडायची ही कुठली तऱ्हा, मला माहीत नाही.) ती बाहेर आली, त्याच्या हातांवर मला पाहिलं आणि म्हणाली, "मामा?" फिनबारने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि अक्का, जो माणूस मोडक्या जबड्याने खेळला त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. दर्शनाला मी तिथे का गेलो होतो ते एका मिनिटात समजलं. ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. पट्टा बांधता बांधता एवढंच म्हणाली की मामा, आईचा होकार नसेल तर मी हे लग्न करणार नाही, पण मग मला दुसरं स्थळही दाखवू नका.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला घरी आला, संत्री घेऊन. व्हिडिओ फोनवर त्याची आई होती. बाईचा गाईंचा गोठा आहे, स्वयंपाकघरात उभी होती, तिने आधी त्याला माझ्यादेखत असा झाडला की मला घरी आल्यासारखं वाटलं. मग त्याला चहा करायला पिटाळलं आणि मला विचारू लागली. मुलीचे वडील काय करतात. घर स्वतःचं आहे का. एकतीस वर्षांची होईपर्यंत लग्न का नाही झालं. घराण्यात काही दुखणं आहे का. तुझ्याच फर्मानातले प्रश्न, जवळजवळ त्याच क्रमाने. मी उशीला टेकून, बरगडी धरून, तुझ्या बाजूने उत्तरं देत होतो. तिचे उच्चार मला तीनातला एक शब्द कळतील असे, पण चारुताला सगळं कळत होतं आणि ती मला मराठीत सांगत होती.

शेवटी ती बाई थांबली. म्हणाली, चौदा वर्षांत मी त्याचा एकही सामना पाहिला नाही, सामना असला की गोठ्यात जाऊन बसायचे आणि शेजारीण हात हलवून सांगेपर्यंत बाहेर यायचे नाही. मग म्हणाली, "तो एकदाचा जिवंत परत आला आहे. आता कुणाच्या दारात मार खायला मी त्याला पाठवणार नाही. तुमची बहीण त्याला घरात घेणार नसेल, तर मीच नको म्हणते."

अक्का, मला तुझा राग आला. तू इकडे खोट शोधायला माणूस लावतेस आणि तिकडे एक बाई आपल्या मुलाला तुझ्यापासून जपते आहे. यापुढे मी कुठल्याही स्थळाची चौकशी करणार नाही, मग ते पलीकडच्या आळीतलं का असेना. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
सुदेश

ता. क. शत्रुघ्नच्या बॅगेत खजूर आहे, तुझ्या गुडघ्याचं मलम आहे आणि फिनबारने भाऊजींसाठी दिलेला त्याचा सदरा आहे. त्यात भाऊजी आणि तू, दोघं मावाल. भाऊजींनी तो घालून बाजारात जाऊ नये.

ता. क. २. फोन ठेवण्याआधी त्या बाईने चारुताला बाजूला घेऊन, म्हणजे फोन बाजूला न्यायला सांगून, हळूच विचारलं की मुलीकडची एखादी खोट असेल तर खरं सांगा. चारुताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगून टाक. तिने सांगितलं, मुलीची आई. ती बाई हसत सुटली आणि म्हणाली, म्हणजे मुलीला सवय आहे, मग ती मलाही सांभाळून घेईल.

ता. क. ३. फिनबारच्या आईचा होकार आला आहे. तुझा होकार असेल तर मला सांग, मी दर्शनाला आनंदाने कळवीन, बरगड्या मोडलेल्या असल्या तरी तिला हाताला धरून मंडपात आणीन. नकार असेल तर मात्र मला काही सांगू नकोस. तो तिला तू स्वतः फोन करून सांग. एवढं काम मी तुझं करणार नाही.