आपल्या घरचा पोलंड

॥ श्री ॥
नाशिक, १२ डिसेंबर १९९९

चि. सौ. मैना हिस यादवचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दादाचा मखमलाबादचा गुलाबाचा मळा माझ्या घरापासून सहा किलोमीटर, आणि त्याचा निरोप येतो तुझ्या नांदगावहून, शंभर किलोमीटर फिरून. चौदा वर्षांच्या अबोल्याला एवढा वळसा पडायचाच. दादाच्या छायाचं लग्न ठरलं हे छान झालं. मी शेवटची पाहिली तेव्हा ती फ्रॉकमध्ये बोरं भरून पळत होती.

दादा म्हणतो, झालं गेलं विसरू, पत्रिकेत निमंत्रक म्हणून यादवचं नाव घालू, सगळं पहिल्यासारखं. हे ‘पहिल्यासारखं’ माझ्या, इतिहासाच्या मास्तराच्या, धंद्यातलं आहे. मागच्याच आठवड्यात वाचनालयात मोठ्या युद्धांनंतरच्या तहांवर व्याख्यान दिलं. श्रोते चौदा, त्यांतला एक कुलूप लावायला थांबलेला. नेपोलियनला हरवून व्हिएन्नात जमलेली मंडळी जुन्या वळणाची होती. त्यांनी ठरवलं, पंचवीस वर्षांत जे घडलं ते घडलंच नाही. राजांनी गादीवर बसावं, बाकीच्यांनी पायरीवर. मात्र हरलेल्या फ्रान्सलाही त्यांनी खुर्ची दिली, त्यात शहाणपण होतं. शंभर वर्षांनी, पहिल्या महायुद्धानंतर, जर्मनीला दाराबाहेर उभं केलं, आणि वीस वर्षांत पुन्हा पेटलं. म्हणून दादा मला खुर्ची देतोय याची मला किंमत आहे. पण व्हिएन्नात पोलंडला कोणी विचारलं नाही. त्याची आधीच वाटणी झाली होती, ती पुन्हा नव्याने करून घेतली.

आपल्या घरचा पोलंड म्हणजे अनसूया. विधवा आणि परजातीची. मी तिच्याशी लग्न केलं म्हणून बाबांनी दार लावलं. ती जाऊन दीड वर्ष झालं. भांडणाचं कारणच वारलं, मग तह करायला काय लागतं? माझं एकच कलम आहे: पत्रिकेत वर ‘कै. खंडेराव’ म्हणून बाबा असणारच, त्यांच्याखाली ‘कै. सौ. अनसूया’ एवढं छापा. मेलेल्यांना पत्रिकेत मज्जाव नसतो. क्रमावरून कुरकुर झाली तर व्हिएन्नात सह्या अकारविल्हे केल्या होत्या म्हणून सांग. मग ती पहिली येते, त्याला माझा इलाज नाही.

हल्ली मी घरात एकटाच विनोद करतो. ‘पुरे’ म्हणणारं कोणी नसल्यामुळे ते वाढत चाललेत.

भाऊजींना नमस्कार. लोभ पाठवत राहा, नांदगावमार्गे का होईना.

तुझा,
यादव


नांदगाव, २२ डिसेंबर

ती. भाऊस मैनाचा साष्टांग नमस्कार. इकडे सारे खुशाल, ह्यांचा गुडघा सोडून.

मखमलाबादला जाऊन आले. दादा गुलाबाच्या जुड्या बांधत होता. तुझं कलम सांगितलं. मान वर न करता म्हणाला, बाबांनी जे नाव घरात घेऊ दिलं नाय, ते मी त्यांच्याच नावाखाली कसं छापू? यादवला सांग, जुनं उकरू नको. आईचं एकच, दोन्ही लेक एका पंगतीत बघते आणि मग डोळे मिटते. ही धमकी ती दहा वर्षं देतेय, पण आता खरंच थकली हाय रे.

वहिनी मला का नको? चोरून दोनदा भेटले, दोन्ही वेळा तिनं करपलेलं थालीपीठ घातलं आणि वर चांगलं झालंय म्हणून बजावलं. पण भाऊ, तू पोलंडबिलंड बोलतोस म्हणून विचारते. या घरच्या एका तरी पत्रिकेत माझं नाव पाहिलंस का? लेक दिली की तिचं नाव सासरच्या पत्रिकेत. तरी मी चार दिवस आधी येऊन हळद कुटते. तेव्हा नाय तुला इतिहास आठवला!

छाया एकुलती. या घरात पुन्हा लग्न नाय. तह मोडलास तर आईची पंगत राहून जाईल, एवढंच ध्यानात ठेव. आणि पत्रिकेचं प्रूफ प्रेसवाला तुझ्याकडे आणून देईल. दादाच म्हणाला, चुका काढाव्यात तर यादवनंच.

रागावलास तरी पत्र टाक, रागाचंही चालेल.

तुझी,
मैना


नाशिक, ४ जानेवारी २०००

चि. सौ. मैनास आशीर्वाद.

तुझं नाव मी एकाही पत्रिकेत पाहिलं नाही. पंचवीस वर्षं दुनियेचे तहनामे शिकवले, घरची पत्रिका वाचायची राहिली. मला माफ कर.

प्रूफ आलं. निमंत्रकांत दादा आणि मी. एक ओळ घुसडणं सोपं होतं, प्रेसवाल्याला माझी सही पुरली असती. पण दादाने विश्वासाने कागद पाठवला, आणि अनसूया मागच्या दाराने शिरणारी बाई नव्हती. म्हणून तिचं नाव घातलं नाही. माझं मात्र खोडलं. ती नाही तिथे मी नाही. हे भांडण समजू नकोस. लग्नाला येईन, तुझ्यासारखा, नावाशिवाय. सांगशील तर हळदही कुटीन.

भाऊजींच्या गुडघ्याला शेक आणि तुला माया.

यादव


मखमलाबाद, २० जानेवारी

ती. भाऊस नमस्कार.

छायाच्या खरेदीसाठी आले ती इथंच अडकले. पाचशे पत्रिका छापून आल्या. तुझं नाव नाय हे बघून दादा असा भडकला की विचारू नको. त्याला वाटलं प्रेसवाल्यानं गाळलं. मेनरोडला जाऊन त्याची पार सालटी काढली. तो बिचारा म्हणाला, प्रूफात जसं तसं छापलं, पण ऐकतो कोण? पुन्हा छापायला वेळ नाय. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर हा छायाचं बॉलपेन घेऊन बसलासुद्धा.

तीन दिवस बसला. पाचशेच्या पाचशे पत्रिकांवर आपल्या नावाखाली ‘श्री. यादव’ लिहिलं. छाया मदतीला आली तर म्हणाला, माझ्या भावाचं नाव मीच लिहिणार. मग मी धीर करून म्हटलं, दादा, पेन हातात आहेच तर वहिनीचंही... त्यानं टोपण लावलं. मग टोपण काढलं, पुढची पत्रिका ओढली आणि पुन्हा ‘श्री. यादव’.

मला रडू आलं, कुणासाठी ते नाय कळलं. आता तूच काय ते ठरव. ये मात्र.

मैना


नाशिक, ३ फेब्रुवारी २०००

चि. सौ. मैनास आशीर्वाद.

फुलांचा टेम्पो चालवणारा पुंजा काल पत्रिका देऊन गेला. दादाचं अक्षर अजून सातवीतलंच, ‘य’चं पोट फुगलेलं, ओळ उजवीकडे चढत गेलेली. दार लावणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला येतं. पाचशे वेळा माझं नाव लिहिणाऱ्याशी कसं भांडायचं, हे माझ्या एकाही पुस्तकात नाही. त्याने जे लिहिलं नाही ते विसरायचं कसं, तेही नाही.

माझ्या प्रतीवर त्याच्या अक्षराखाली मी ‘कै. सौ. अनसूया’ लिहिलं, हळदकुंकू लावलं आणि ती तिच्या फोटोपाशी ठेवली. एका पत्रिकेत आम्ही दोघं आहोत. बाकी चारशे नव्व्याण्णवांत मी आहे, तुम्हा सगळ्यांबरोबर.

नाव मीच खोडलं होतं हे दादाला सांगू नकोस. प्रेसवाल्याची माफी मी मागून आलो.

लग्नाला येतो. आईला सांग, दादाच्या शेजारी जेवायला बसेन. फक्त मला पंगतीत टोकाची जागा धरून ठेव. एका बाजूला दादा असेल, दुसऱ्या बाजूला कोणाचं पान मांडू नका.

यादव