शेवटची होडी कोणाची

मी, हेल्मी कुर्की, कै. ओइवा कुर्की यांची विधवा, राहणार कुइक्कालाहती, सायमा सरोवराच्या खाडीकाठचे पिवळे घर, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही, पण मृत्युपत्राला हृदय चांगले लागते असे कायद्यात कुठे लिहिलेले नाही, हे मी वकिलाला विचारून घेतले आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला घरात आता कोणी उरलेलेच नाही.

पहिले, घर. घर, घराभोवतीची जमीन आणि मागचे बर्चचे रान माझी मुलगी रायली हिला मिळावे. बँकेत जे काही उरेल तेही तिचेच. रायली कुओपिओला असते, तिला इथे राहायचे नाही आणि मला त्याचा राग नाही. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या शहरी लोकांना तिने घर खुशाल विकावे. मात्र ज्या खडकावर होड्या ओढायचा रहाट बसवलेला आहे तो खडक, तिथपर्यंतची पायवाट, आणि सौनाच्या वाफेच्या न्हाणीघराला लागून असलेली खोली एवढे विकू नये. त्याचे काय करायचे ते पुढे येईल.

दुसरे, भांडीकुंडी. मोठे तांब्याचे पातेले गावाला द्यावे. होड्या वर घेण्याच्या दिवशी त्यात सगळ्यांसाठी वाटाण्याचे सूप होते, ते होत राहावे. विएनो आसिकाइनेन सूपमध्ये मीठ कमी घालते. तिला पातेले द्यावे, पण मीठ दुसऱ्या कोणाकडे द्यावे. विएनो या कागदावर साक्षीदार नसती तर तिला माझी लोकरीची शालही दिली असती. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. विएनो, शाल दाराच्या खुंटीला असते आणि दाराला मी कुलूप लावत नाही.

तिसरे, माझा पुतण्या योर्मा. ओइवाच्या भावाचा हा मुलगा हेलसिंकीहून मोटारबोट घेऊन येतो आणि तिथे बसून वर्षभर उंटावरून शेळ्या हाकतो. एका शरदात मी होड्या वर घ्यायचा दिवस सांगितला तेव्हा याने पाण्यात तापमापक सोडला होता.

“काकू, पाणी अजून पुष्कळ गरम आहे,” तो म्हणाला. “एवढी घाई कशाला? सरोवर अजून महिनाभर गोठत नाही.”

“सरोवराचं मला माहीत नाही,” मी म्हटले. “खाडीचं सांगते.”

“आकडे बघा ना तुम्ही.”

“तू बघ बाबा. मी सूप बघते.”

त्याने बोट पाण्यात ठेवली आणि हेलसिंकीला निघून गेला. वारा पडला, आभाळ निवळले आणि खाडी एका रात्रीत बर्फाने मिटली. बाहेर सरोवर मोकळे, आत त्याची बोट बर्फात. इंजिनातले पाणी काढलेले नव्हते, ते गोठून फुगले आणि इंजिनाला उभी भेग गेली. बर्फ फोडून बोट काढायला त्याने माझी लोखंडी पहार नेली, ती अजून परत आलेली नाही. ती पहार मी योर्माला देते. दिलेली वस्तू परत मागायची कटकट तरी संपली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इथवर लिहूनच हात दमला, तरी हे लिहिल्याशिवाय उठणार नाही.

आमच्या खाडीत होड्या कधी वर घ्यायच्या ते ज्याच्याकडे रहाट आहे तो सांगतो. रहाट कुर्कींच्या खडकावर आहे, म्हणून आधी माझ्या सासूबाई सांगत, मग ओइवा, आणि ओइवा गेल्यापासून मी. याला एक नियम जोडलेला आहे: दिवस सांगणाऱ्याची होडी सर्वांत शेवटी वर येते. फार पूर्वी एका शहाण्याने आपली होडी गुपचूप आधी काढून मग दिवस सांगितला आणि बाकीच्यांच्या होड्या बर्फाने चेपल्या, तेव्हापासून हा नियम आहे. सगळे काठावर सुखरूप लागेपर्यंत सांगणाऱ्याने पाण्यात राहायचे.

लोक मला विचारतात, हेल्मीकाकू, तुम्ही कशावरून ओळखता? त्यात काही गुपित नाही. सकाळी दोर हाताला ताठ लागतो. लव्हाळ्यांच्या बुडाशी पाण्यावर बर्फाची साय धरते आणि दुपारी जाते. एक दिवस ती दुपारीही जात नाही. पण ती गेली नाही हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पुरावा हातात आल्यावर घेतलेला निर्णय काय कामाचा? म्हणून दिवस सांगायचा तो चांगल्या हवेतच, लख्ख ऊन असताना, मुइक्कू मासे झुंडीने जाळ्यात येत असताना. आणि चांगल्या हवेत पुरे म्हणणारी बाई कोणालाच आवडत नाही. दिवस लवकर सांगितला तर मासे बुडवले म्हणून शिव्या, उशिरा सांगितला तर होड्या बुडवल्या म्हणून. बर्फ आला की मी बरोबर होते हे सगळे विसरून जातात. गरज सरो, वैद्य मरो. मी याला विटले आहे. हे मी रागाने लिहीत नाही, फक्त दमले आहे.

चौथे, तैस्तो वेप्सा.

तैस्तो खाडीच्या तोंडाशी लेप्पा बेटावर एकटा राहतो. लग्न केले नाही. आई गेली, गाई गेल्या, आता एक मांजर आहे. त्याच्या बेटाचा काठ नुसता खडकाळ, होडी वर चढवायला जागा नाही, म्हणून त्याची जाळ्यांची जड होडी दर वर्षी माझ्या रहाटाने इकडे काठावर येते. मग मी त्याला माझ्या होडीतून बेटावर सोडते, परत येते, आणि मग शेवटची म्हणून माझी होडी वर ओढतात.

त्यानंतर मधले आठवडे सुरू होतात. बर्फ होडीला जाऊ देत नाही आणि माणसाला पेलत नाही. बर्फ पायाखाली पक्का होईपर्यंत तैस्तो तिकडे आणि सगळे जग इकडे. म्हणून होड्यांच्या दिवसावरून गावात जेवढी भांडणे झाली त्यातली निम्मी माझी आणि तैस्तोची. आमचे बोलणे दर वर्षी तेच.

“अगं, एक आठवडा. फक्त एक आठवडा दे.”

“मागच्या वर्षीही हेच म्हणालास.”

“मागच्या वर्षी दिला नाहीस, म्हणून यंदा मागतोय. सायमा काय तुझ्या बापाची आहे?”

“सायमा नाही. रहाट माझ्या सासऱ्याचा आहे.”

“पोलीस व्हायला हवी होतीस तू.”

“तैस्तो, सौनाशेजारची खोली रिकामी आहे. तेवढे आठवडे इकडे राहा. मांजर आण.”

“वेप्सांची चूल हिवाळ्यात कधी विझली नाही.”

“मग चुलीपाशी बस आणि आठवडा मागू नकोस.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एकदाही आला नाही. ओइवा होता तेव्हापासून एवढेच ठरलेले आहे की मधल्या आठवड्यांत रोज सकाळी त्याने अंगणातल्या खांबावर लाल बादली टांगायची. बादली दिसली की माणूस जिवंत. रोज उजाडताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. बादली दिसली की मग कॉफी ठेवते. इतकी वर्षे झाली, कॉफीची चव मला बादलीनंतरच कळते.

गेल्या वर्षी एका सकाळी बादली नव्हती. मी थांबले. धुरांड्याकडे पाहिले, धूर नव्हता. काठावर जाऊन हाका मारल्या, या वयात आणि त्या वाऱ्यात. मी बर्फावर पाय टाकला तेव्हा तो कुरकुरला आणि विएनोने मला कोटाला धरून मागे ओढले. शहरातून बचावाची माणसे बर्फावर चालणारी गाडी घेऊन आली तेव्हा दुपार झाली होती. तैस्तो तापाने जमिनीवर पडला होता आणि मांजर त्याच्या छातीवर बसली होती. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, “बादली टांगायला विसरलो, एवढंच. गावभर बोंब कशाला मारलीस?”

मी घरी येऊन रडले. इथे लिहिते, कारण हे वाचून दाखवतील तेव्हा मी समोर नसेन आणि त्याला टोमणा मारता येणार नाही.

रायलीला मी हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, “आई, खरं सांग. तुझं त्याच्यावर प्रेम आहे का?”

“अगं, मी रोज सकाळी त्याची बादली बघते,” मी म्हटले. “तुझे बाबा होते तेव्हा ते बघायचे. ते गेल्यावर मी. आणखी काय सांगू तुला?”

पण ते पुरते खरे नव्हते. आहे. रायली, हे तुझे उत्तर. त्याला होडीतून सोडून एकटीने परत वल्ही मारत येताना दर वर्षी मला वाटे, आज वळावे आणि म्हणावे, चल, बस होडीत, पुरे झाला हट्ट. कधी म्हटले नाही. तो नाही म्हणाला असता आणि मग पुढच्या शरदात आठवडासुद्धा मागितला नसता.

डॉक्टरांनी आता मला वल्ही मारायला मनाई केली आहे. माझ्यामागे ती बादली कोण बघणार, हाच माझा एक प्रश्न आहे. घराचा, पैशाचा काही प्रश्न नाही. खिडकी शहरी लोकांची होईल आणि त्यांना कॉफीसाठी बादली लागणार नाही.

म्हणून पाचवे, आणि हे नीट वाचावे. रहाट, त्याचा दांडा, दोर, ओंडके, तो खडक आणि तिथपर्यंतची पायवाट मी तैस्तो वेप्सा याला देते. त्याबरोबर दिवस सांगायचा अधिकारही त्याचा. सौनाशेजारची खोली तो जिवंत असेपर्यंत त्याच्या वापरात राहील आणि मांजरीला पलंगावर चढायला मनाई नाही. नियम आहे तोच राहील: दिवस सांगणाऱ्याची होडी शेवटी. माझी स्वतःची होडी गावात कोणी ठेवू नये, ती रायलीने गाडीवर घालून कुओपिओला न्यावी, म्हणजे त्या दिवशी ती पाण्यात नसेल.

आता कोणी योर्मासारखा दयाळू निघेल आणि म्हणेल, मी सोडतो म्हाताऱ्याला बेटावर. जरूर सोडावे. पण जो सोडायला जाईल त्याची होडी शेवटची होईल, आणि शेवटची होडी ज्याची त्याचा रहाट, असे मी येथे लिहून ठेवत आहे. मग पुढच्या वर्षापासून दिवस त्याने सांगावा आणि शिव्याही त्यानेच खाव्यात. गावातल्या सगळ्यांना मी ओळखते. कोणी जाणार नाही.

यातले तैस्तोला काही माहीत नाही. परवा तो दुकानात साखर घ्यायला आला होता, तिथे त्याने ऐकले की मी मृत्युपत्र करते आहे. तसाच इकडे आला.

“साक्षीदार हवाय ना? घे माझी सही.”

“तू चालणार नाहीस.”

“का? मला लिहिता येत नाही?”

“तुला काहीतरी मिळणार आहे म्हणून.”

“तुझं मला काही नको, हेल्मी.”

“माहीत आहे मला.”

तो दारात टोपी फिरवत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “यंदाचा दिवस कधी सांगणार आहेस? एक आठवडा तरी...”

मी म्हटले, “बस. कॉफी घे.” कॉफी पिऊन होईपर्यंत त्याने पुन्हा आठवडा मागितला नाही.

सहावे आणि शेवटचे हे तैस्तोसाठीच आहे, बाकीच्यांनी ऐकले तर ऐकोत. तैस्तो, आता दिवस तू सांगायचा आहेस. ऊन पडलेले असताना सांग. लोक येतील आणि एक आठवडा मागतील. त्यांना नाही म्हण, कसे म्हणतात ते तू ऐकलेले आहेस. सूप पी, मीठ कमी असेल. सगळ्यांच्या होड्या वर घे आणि मग तुझी घे. वळून बघशील तेव्हा पाण्यात एकही होडी नसेल. चिडशील, मला पोलीस म्हणशील, म्हण. मग खोलीत जा. चुलीत लाकडे रचलेली आहेत, काडेपेटी वरच्या फळीवर आहे. लाल बादली येताना बरोबर आण आणि तिच्यात मांजरीसाठी मासे ठेव. ती खांबावर टांगायची आता गरज नाही.

हे सर्व मी लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत खाली सही केली. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

(सही) हेल्मी कुर्की

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. हेल्मी कुर्की यांनी आमच्यासमोर स्वखुशीने सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि मीठ कमी असल्याबद्दल पुन्हा एकदा बोलल्या.

साक्षीदार: (सही) विएनो आसिकाइनेन, निवृत्त सुईण, कुइक्कालाहती
साक्षीदार: (सही) पेर्त्ती सोर्सा, फिरत्या वाचनालयाचा चालक

ठिकाण: कुइक्कालाहती, कुर्कींचा खडक, रहाटाजवळ
दिनांक: ९ ऑक्टोबर २००९. वारा नाही, लख्ख ऊन.