वायर तांदळाच्या डब्यात

रवि. ४ जाने.
आधी टपकली ती शेजारची हिराबाय. पोरांना यायला तास होता, पण हिला म्हणे गाडीचा आवाज आला. गाडी कुठली, विमान गेलं डोक्यावरून. बसली वालाच्या शेंगा सोलत, तोंडाने सुनेला सोलत. मग आले पुण्याहून माझा प्रकाश न् नात सायली. पळस्पे फाट्यावर गाड्यांच्या गर्दीत अडकले होते.

सायलीने तिच्या लायब्ररीतून मोबाइलसारख्या वाचायच्या दोन पाट्या आणल्या. पुस्तकं आत असतात, अक्षर हवं तेवढं मोठं करायचं. केलं, वाटाण्याएवढं. चष्म्याशिवाय वाचलं मी, चौथी पास. हिराबायचं तोंड बघण्यासारखं झालं.

दोनातली एक ठेवून घ्यायची. "आजी, ही घे. बाबा नेट लावून देतील, मग मी पुण्यातूनच पुस्तकं टाकीन. दुसरीला नेटच नाही. लॅपटॉपला वायरने जोडून भरायची. एकवीस दिवस झाले की पुस्तक आपोआप बंद. दर वेळी यावं लागेल मला."

मी वायरवालीच धरून बसले.

नेटवालीला बोट लागलं की पान उलटतं. शाळेत बाईंनी ओळीखाली बोट धरून वाचायला शिकवलं, ते काय सुटलं नाय. दोन ओळी झाल्या की पान पळालं. वायरवालीला बाजूला बटण हाय. प्रकाशला हेच कारण सांगितलं. "आई, तुझ्यापुढे कोण बोलणार," म्हणाला.

कारण खरंच हाय. दुसरं पण हाय. दर वेळी यावं लागेल, असं तीच म्हणाली ना.

मंगळ. ६
घर गप्प. चार कप घासून ठेवले ते तसेच, एकच लागतो.
पाटीत खुनाची गोष्ट हाय. पहिल्याच पानात वकील मेला. बरं झालं, सुरुवात तरी कळली.

शनि. १०
हिराबायला वाचून दाखवते. ती म्हणते खून स्वयंपाकिणीने केला. "मना ठाव हाय, वकील जेवणाला नावं ठेवायचा." मला बायकोचा संशय. हे असते तर म्हणाले असते, तुला बरी माहिती. आमटी लागली बोलताना.

गुरु. १५
काल तिळगूळ फोनवरच. प्रकाश म्हणतो, "नेटवाला माणूस पाठवतो, तासाभराचं काम." भिंतीला भोक पाडू देणार नाय म्हटलं. रंग नवा हाय. रंग कधीचा ते त्याला आठवत नसेल.

मंगळ. २०
शेवटची पानं ठेवली. रविवारी सायली येईल, तिला मोठ्याने वाचून दाखवीन. लहान असताना ती मला दाखवायची, आता मी.

रवि. २५
वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या. फोन आला, "आजी, ऑफिसचं काम निघालं गं."
असू दे म्हटलं.
पाटी उघडली तर पुस्तक बंद. मुदत संपली. खुनी आतच राहिला.

बुध. २८
हिराबाय हट्टाला पेटली. "माझ्या सुनेकडं लॅपटॉप हाय. सायलीला फोन कर, ती सांगेल तशी भरून देईल. मना कळू दे तरी कोनी मारला." मी म्हटलं, वायर सायलीकडेच राहिली गो.
खोटं बोलले. वायर तांदळाच्या डब्यात.

शुक्र. ३०
हिराबाय वाटी घेऊन आली, तांदूळ संपले म्हणून. मी चुलीशी, दूध उतू जात होतं. मी वळेपर्यंत हिने डबा उघडला. वायर हाताला लागली असणार. रिकामाच हात बाहेर काढला न् झाकण लावलं.
"तांदूळ नको गो, गहू असतील तर दे."
गहू दिले. वर चार शेंगा दिल्या. खुनाचा विषय तिने परत काढला नाय.

रवि. १ फेब्रु.
सायलीचा फोन. मीच विचारलं, लॅपटॉप आणशील ना? तर म्हणाली, "आणते, पण आजी, नेट लावलं असतंस तर त्याच दिवशी कळलं असतं खुनी कोण ते."
ते खरं हाय.
वायर काढली, कोंडा पुसला, पाटीशेजारी ठेवली. संध्याकाळी परत डब्यात टाकली. अजून सात दिवस हायत, कोणी बघितली तर काय सांगू.
कॅलेंडरवर गोल केला. येत्या रविवारी, ८ तारखेला येतो म्हणालीत, दोघंही.