एका दमात

लखूदादा,

तुला आणि वैनीला फुलाचा लांबूनच वाकून नमस्कार. आपल्या गावात, दिग्गीत, फोन लागत न्हाई, म्हणून हे कागदावर.

मी बरी हाय. इथं फिल्मच्या शाळेत सगळ्या भाजीत साखर घालत्यात, पण पोट भरतंय. आईला सांग, अंगानं सुधारलेय. वैनीचा खोकला थांबला का?

सणाला आल्यावर मी बाबांचं शूटिंग केलं हुतं, आठवतंय? पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन शेतातनं घराकडं चढताना. वाटेत सात वेळा थांबले. "तू कॅमेरा घेऊन मागं ऱ्हातीस गो, म्हणून थांबतोय," म्हणाले. मला खरंच वाटलं.

त्यांच्या सदऱ्याला मी बारका माइक लावला हुता. इथं येऊन हेडफोन लावला, तवा श्वास ऐकला. थांबले की छाती भात्यागत वाजतेय. मधेच उळवीच्या देवाला हळूच हाक मारत्यात.

दादा, तू रोज त्यांच्याबरोबर चढतोस. तुला ठाऊक हुतं का? रागानं इचारत न्हाई. न्हाई, रागानंच इचारतेय.

सोमवारच्या बसनं त्यांना रामनगरला ने, तिथनं बेळगावला मोठ्या डॉक्टरकडं. माझं नाव काढू नगं, न्हाईतर परत माइक लावू द्यायचे न्हाईत.

फिल्म लांबतेय म्हणून सरांनी बाबांचे वाटेतले सगळे थांबे कापायला सांगितले. मी कापले. काल वर्गात दाखवली, समद्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर बाबा एका दमात घरी पोचत्यात.

तुझी,
फुला