पुनमपुढचा रिकामा रकाना

केंद्रप्रमुख वसंतराव साहेब,

तपासणीच्या तक्त्यात सातवीच्या पुनमपुढं ‘वाचता येतं’ लिहा म्हणालात. मी लिहिणार न्हाई.

कोरोनात शाळा बंद होती तेव्हा ती दुसरीत होती. तिच्या गृहपाठाचे फोटो माझ्या मोबाइलवर यायचे. अक्षर थोरल्या बहिणीचं आहे, हे मला कळत होतं. तरी ‘छान’ लिहून मी मोकळी झाले. तेवढं एक खोटं लई झालं.

आता रोज प्रार्थनेआधी ती माझ्याजवळ पहिलीचं पुस्तक घेऊन बसते. पोरं हसतात, ती उठत नाही. माझी बदली पार उदगीरला करायची तर करा, तिथून पहाटेच्या जीपनं येऊन तिला शिकवीन.

हे पत्र पाठवत नाही, जपून ठेवते. एक दिवस पुनमच ते तुमच्यासमोर उभी राहून वाचेल.

तुमचं न ऐकणारी,
सुकन्या बाई