बंद पडद्यांत कोंबडी मरत नाही, हे सिद्ध केल्याबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
ता. मुळशी, जि. पुणे

विषय : शवविच्छेदन अहवालातील 'मालकाचा निष्काळजीपणा' हे शब्द काढून टाकणेबाबत.
संदर्भ : आपला दि. २१ एप्रिलचा अहवाल.

महोदय,

दि. १९ रोजी भर दुपारी माझ्या मुठा येथील पोल्ट्रीत नऊशे कोंबड्या मेल्या. शेडच्या बाजूंचे पडदे बंद, हवा खेळती नाही, अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही, असे आपण लिहिलेत. या शब्दांपायी कराराची कंपनी मला वाढवायला नवीन पिल्ले देत नाही. उंटावरून शेळ्या हाकू नयेत, एवढीच नम्र विनंती.

पडदे मीच तारेने बांधले, हे खरे. शेजारच्या बंगल्यात बारसे होते, पाहुण्यांना वास नको होता. आत दोन पंखे होते. गरम का होईना, वारा होता. "मालक, पडदं उचला, कोंबड्या चोची वासून धापा टाकत्यात," असे माझा गडी सावळा तीनदा म्हणाला. वारा त्यालाच खायचा असतो, हे मी बावीस वर्षे ओळखून आहे.

तरी आपल्या समाधानासाठी दि. २४ रोजी मी प्रयोग केला. पडदे बांधले, पंखे लावले, बारा वाजता सावळ्याला दोन तासांसाठी आत बसवले व खंड पडू नये म्हणून बाहेरून कडी घातली. तापमान ४२. साडेबाराला हाक मारली तर म्हणतो, "मला घाम तरी येतोय, मालक. कोंबडीला घाम न्हाई, वारं लागलं तरच ती निवती." गड्याने मालकाला शिकवायचे दिवस आले. एक वाजता त्याने दार वाजवले, म्हणजे जिवंत होता. पावणेदोनला वाजवणे थांबले, म्हणजे सवय झाली असे मी धरले.

इतक्यात त्याची बायको राजाबाई विळा घेऊन आली. "माझा मानूस हाय त्यो, कोंबडी न्हाई!" असे ओरडत तिने माझे पडदे फाडले व कडी काढली. त्यामुळे प्रयोग पंधरा मिनिटे अपुरा राहिला, याचा दोष माझ्याकडे नाही. सावळा श्वास घेत होता, सबब कोंबड्याही उष्णतेने मेलेल्या नाहीत.

तरी अहवालात 'गड्याचे दुर्लक्ष' अशी दुरुस्ती व्हावी.

दुरुस्तीच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
दादासाहेब विठ्ठलराव ढमाले
मुठा, दि. २८ एप्रिल २०२५

सोबत :
१) तापमापकाचा फोटो.
२) फाडलेल्या पडद्यांचे फोटो.
३) प्रयोगात कोणताही त्रास झाला नाही, असा सावळा याचा जबाब. तो अद्याप शुद्धीवर नसल्याने अंगठा मी दवाखान्यात जाऊन उमटवून घेतला आहे. अंगठा त्याचाच आहे.